दश्शी टाकवत नाही

नेकनूरच्या सुंदररावांनी आयुष्यात कधी काही टाकून दिलं नव्हतं. मोडक्या छत्रीच्या काड्या, बंद पडलेली तीन घड्याळं, कान तुटलेले कप, एका पायाची चप्पल (दुसरी बसमध्ये राहिली, पण कधी सापडलीच तर?), सगळं माळ्यावर जपून ठेवलेलं. यात त्यांचाही फार दोष नव्हता. एकतीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. निजामाच्या काळातली उर्दू बाडं, ज्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, तीसुद्धा त्यांनी कडुनिंबाचा पाला घालून सांभाळली. साहेबाने कागद मागावा आणि सुंदररावांनी तो धूळ झटकून पुढे करावा, यात त्यांची सगळी इज्जत होती. 'आज न्हाई तर उद्या लागंल' हे त्यांचं ब्रीदवाक्य.

आणि अशा माणसावर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पानं टाकून देण्याच्या खेळात प्रावीण्य मिळवायची वेळ आली.

ती आणली त्यांच्या मुलीने, ऋतुजाने. ऋतुजा पुण्याला असते. आई, सत्यभामाबाई, गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ती दर रविवारी सकाळी दहाला अण्णांना फोन करते. जेवलात का, गोळी घेतली का, पाऊस आहे का, असे तीन प्रश्न. सुंदरराव तिन्ही उत्तरं खरी आणि पूर्ण देत. मग दोन्हीकडे शांतता व्हायची. मग ऋतुजा म्हणायची, "बरं मग," आणि सुंदरराव म्हणायचे, "बरं." फोनवर वेळ दिसतो. दोन मिनिटं चाळीस सेकंद. एकदा तर सव्वादोन मिनिटांतच आटोपलं, कारण पाऊस नव्हता. आठवडाभर वाट पाहायची आणि सव्वादोन मिनिटं बोलायचं, हे सुंदररावांना लागायचं. पण बोलायला विषय कुठून आणणार? एकट्या माणसाच्या घरात काही घडतच नाही. सकाळी ठेवलेला तांब्या संध्याकाळी तिथेच असतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऋतुजा चार दिवस आली तेव्हा तिने त्यांच्या फोनमध्ये पत्त्यांचा एक गेम टाकून दिला. पैशाबियशाचा नाही. एकट्याने खेळायचा. हातात आठ पानं येतात. त्यातून जोडी, तीन सारखी, एका रंगाची पाच असं काहीतरी जमवून मांडायचं, त्याचे गुण मिळतात. पुरेसे गुण झाले की एक दरवाजा उघडतो. असे आठ दरवाजे. नको असलेली पानं टाकून दुसरी मागता येतात, पण दर दरवाजाला तीनदाच. वाटेत जोकर भेटतात, त्यांना सोबत घ्यायचं. प्रत्येक जोकराची खोड वेगळी.

त्यात पाठीवर पोतं घेतलेला एक जोकर होता. त्याचं इंग्रजी नाव सुंदररावांच्या तोंडी बसेना, म्हणून त्यांनी त्याला 'भंगारवाला' केलं. तुम्ही जितकी पानं टाकाल तितकं त्याचं पोतं फुगतं आणि तुमचे गुण तितक्या पटीने वाढतात. शिवाय दर दरवाजाला तो एका पानाचं नाव घेतो. आज सत्त्या, उद्या गुलाम. ते पान टाकलं की दर पानामागे पोतं दुप्पट.

"अण्णा, जिंकायचं तर याला घेऊन जिंकायचं," ऋतुजा म्हणाली. "सगळा डाव टाकण्यावर बांधायचा. पण राहू द्या. तुम्हाला नाही जमणार."

"कावून न्हाई जमनार?"

"माळ्यावर एका पायाची चप्पल आहे, अण्णा."

हा घाव वर्मी बसला. ऋतुजा पुण्याला गेली आणि सुंदररावांनी कामाला सुरुवात केली. सुरुवात म्हणजे आधी रजिस्टर. दोनशे पानी वही आणून रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, टाकलेले पान, टाकण्याचे कारण. 'किलवर तिर्री. निकामी. सबब टाकली.' 'बदाम पंजी. जोडीदार मिळण्याची शक्यता नाही. सबब टाकली.' कारण नोंदवल्याशिवाय ते पानाला हात लावत नसत. एक डाव संपायला दोन दिवस लागायचे. पण टाकत होते. त्यांच्या हिशेबी ही क्रांती होती.

आणि रविवारचा फोन एकोणीस मिनिटांवर गेला.

"कुठपर्यंत गेलात अण्णा?"

"पाचव्या दरवाजात अडलो. चौकटची राणी टाकली अन् लगेच दुसरी राणी आली बघ. माज्या नशिबाला काय म्हनावं!"

"मग भंगारवाल्याने काय मागितलं होतं?"

पहिल्यांदाच असं झालं होतं, की सुंदररावांना आठवडाभर काहीतरी सांगायचं साठत होतं. ते फोन ठेवून चहा टाकत, तेव्हा त्यांना स्वतःचंच नवल वाटायचं. बायको गेल्यानंतर एवढं बोललो नव्हतो, असं एकदा ते चहाच्या पातेल्याला मोठ्याने म्हणालेसुद्धा.

घोडं अडत होतं ते दश्शीपाशी. कोणतंही पान टाकायला सुंदरराव हळूहळू तयार झाले, पण दश्शी टाकवत नव्हती. ज्यांनी मेंढीकोट खेळलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: त्या खेळात दश्शी म्हणजे मेंढी. चारी मेंढ्या ज्याच्या घरात त्याचा कोट झाला, तो जिंकला. राजा गेला तर जाऊ द्यावा, एक्का कापला गेला तरी चालेल, पण दश्शी हातची जाऊ द्यायची नाही. सुंदररावांच्या ओट्यावर तेहेतीस वर्षं रोज संध्याकाळी मेंढीकोट चालला. एका बाजूला सुंदरराव आणि सत्यभामाबाई, दुसऱ्या बाजूला समोरच्या घरातले मुंजाजी आणि त्यांची बायको रतनबाई. जोडीदार समोरासमोर. सत्यभामाबाईंच्या हातात दश्शी असली की त्या डावा डोळा हळूच मिटायच्या. सुंदररावांकडे असली की ते मिटायचे. ही शुद्ध लबाडी होती आणि तेहेतीस वर्षांत मुंजाजींना कळली नाही. रतनबाईंना कळली होती, पण त्या बोलल्या नाहीत. बाईमाणसाला घरात कुणीतरी हरलेलं बरं असतं, असं त्यांचं मत.

सत्यभामाबाई गेल्या आणि हात एकाने कमी झाला. तिघांत मेंढीकोट होत नाही. महिन्याभराने मुंजाजी म्हणाले, "आमच्या म्हाळूला बशिवतो तुज्यासमोर, माजा चुलतभाऊ, बरा खेळतो." सुंदररावांनी 'माजे डोळे दुखतेत' म्हणून पत्त्यांचा कॅट उचलला, फडक्यात बांधला आणि माळ्यावर ठेवला. खरं कारण ते कुणाला बोलले नाहीत. त्या जागेवर म्हाळूला बघायची त्यांची छाती नव्हती. तेव्हापासून दोन्ही ओटे संध्याकाळी समोरासमोर नुसते बसलेले असतात.

तर दश्शी. भंगारवाल्याने सत्त्या मागो की गुलाम, सुंदररावांच्या हातात दोन-तीन दश्श्या अडवून बसलेल्या असायच्या. आठातली तीन पानं अशी अडली तर उरलेल्या पाचांत काय जमणार? सातवा दरवाजा, बुडाले. पुन्हा सातवा, पुन्हा बुडाले.

"अण्णा, इथं दश्शी साधं पान आहे. नव्वीपेक्षा एकाने मोठी, बस."

"हे तुज्या आईपुढं बोलून दाखीव."

मग ऋतुजा म्हणाली, "टाकून तर बघा, अण्णा."

इथपर्यंत हे सगळं घरातल्या घरात होतं. नोव्हेंबर उजाडला आणि हयातीचा दाखला द्यायची वेळ आली. पेन्शनरने दर वर्षी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं असतं. सुंदरराव मुंजाजींना सोबत घेऊन गावातल्या सेवा केंद्रात गेले. केंद्र चालवणारी संगीता त्यांना चांगली ओळखत होती. पण तिच्या ओळखीला किंमत नव्हती, मशीनने ओळखायला हवं होतं. सुंदररावांनी उजवा अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल. धुऊन, खोबरेल लावून, दाबून, अलगद. लाल, लाल, लाल.

संगीताने अंगठा हातात धरून उजेडात बघितला. "काका, रेघाच राहिल्या न्हाईत की. पार गुळगुळीत. रिटायर झाल्यावर कायला एवढं काम करताव अंगठ्यानं?"

मागे रांगेत सात-आठ माणसं. सहा महिने दिवसाला पाच तास त्या अंगठ्याने पानं सरकवली होती, हे सुंदररावांना एकदम उमगलं. पण सांगणार काय? "लसून सोलतो," ते म्हणाले. एकटा माणूस एवढा लसूण कसा काय खातो, असा विचार रांगेतल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

मग चेहऱ्यावरून दाखला काढायचं ठरलं. संगीताने मोबाईल समोर धरला. "काका, आता डोळे मिचकवा."

सुंदररावांनी डावा डोळा मिटला.

"दोन्ही, काका."

पुन्हा डावाच मिटला. तेहेतीस वर्षांची सवय, समोरून कुणी रोखून बघितलं की तोच डोळा मिटायचा. संगीताने मान खाली घातली. रांगेतल्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. "आरं सुंदर, लाज धर," मुंजाजी कानात म्हणाले. शेवटी मुंजाजींनी मागून त्यांच्या तोंडावर फुंकर मारली तेव्हा दोन्ही डोळे एकदम मिटले आणि सुंदरराव सरकारदरबारी जिवंत ठरले. या खटपटीत त्यांचा स्वतःचा फोन मुंजाजींच्या हातात दिला होता. मुंजाजींचं बोट कुठेतरी लागलं आणि पडद्यावर आठ पानं उघडली.

ओट्यापाशी आल्यावर मुंजाजी म्हणाले, "पत्ते खेळतोस व्हय फोनवर?"

"खेळतो."

"अन् आमच्यासंगं खेळायला डोळे दुखतेत."

मुंजाजींना हे लागलं होतं, आणि ते लपवायला त्यांनी वेगळाच सूर धरला: "जुगार हाय त्यो! पेपरात रोज येतं. मानसं आयुष्यातून उठून जातेत त्या नादानं!" हे जरा मोठ्याने बोलल्यामुळे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मग सल्ले सुरू झाले. एकाने बटनाचा फोन घ्या म्हणून सांगितलं. एकाने फोन विहिरीत टाका म्हणून सांगितलं. किराणा दुकानदाराने त्याच्या मेहुण्याचा किस्सा सांगितला, तो दारूचा होता, पण तात्पर्य एकच असं त्याचं म्हणणं. रतनबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. एकतीस वर्षांत एक कागद गहाळ होऊ न दिलेल्या माणसाकडे लोक कीव केल्यासारखं बघू लागले, हे सुंदररावांना अंगठ्यापेक्षा जास्त झोंबलं.

मुंजाजींचा तोडगा ठरलेला होता. "कपिलधारला चल. धारंखाली आंघोळ करायची अन् देवापुढं शपथ घ्यायची."

शपथेचा मसुदा सुंदररावांनी आदल्या दिवशी कागदावर तयार केला. 'पैसे लावून' हे दोन शब्द त्यांनी त्यात आग्रहाने घातले. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कपिलधारच्या धबधब्यापाशी, आयुष्यात कधी न केलेली गोष्ट पुढेही करणार नाही अशी शपथ त्यांनी अगदी खणखणीत आवाजात घेतली. मुंजाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते इतके गहिवरले, की त्यांनी सुंदररावांना मिठी मारली आणि त्याच मिठीत धारेखाली ओढलं. पावसाळा सरून धार बारीक झाली होती, पण बंडीच्या खिशातल्या फोनला तेवढी पुष्कळ झाली.

फोन तीन दिवस तांदळाच्या डब्यात राहिला. त्यातला एक दिवस रविवार होता.

त्या रविवारी सुंदरराव दहा वाजता तांदळाच्या डब्यासमोर पाट घेऊन बसले. काही उपयोग नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. पण दहा वाजता दुसरीकडे कुठे बसायचं? सव्वादहाला मुंजाजी आपला फोन घेऊन धावत आले. ऋतुजा घाबरली होती.

"मी बराय माय. फोन तांदळात हाय."

"आणि गेम?"

"त्योबी तांदळातच की."

मग गोळी, जेवण आणि पाऊस. दोन मिनिटं दहा सेकंद. मुंजाजींचा फोन त्यांनी परत दिला आणि घरात येऊन डब्याचं झाकण उगीच उघडून पुन्हा लावलं. इतकं रितं त्यांना बाई गेल्या त्या आठवड्यातसुद्धा वाटलं नव्हतं, कारण तेव्हा घरात माणसं होती.

मंगळवारी फोन सुरू झाला. शुक्रवारी सुंदरराव पहिल्यांदा आठव्या दरवाजात पोचले. शनिवारी दुपारी, जेवण करून, ओट्यावर भिंतीला टेकून त्यांनी शेवटचा हात उघडला आणि थंड पडले. चारी दश्श्या हातात. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. मेंढीकोटात हा हात आला असता तर पुढचे आठ दिवस त्यांनी मुंजाजींना ओट्यावरून खाली उतरू दिलं नसतं.

वर भंगारवाल्याने पान मागितलं होतं. दश्शी.

त्यांनी वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. चारी दश्श्या मांडल्या तर गुण चांगले होते, पण दरवाजा उघडायला कमी पडत होते. चारी टाकल्या तर पोतं चारदा दुप्पट होत होतं, आणि मग साधी दुर्रीची जोडी मांडली तरी भागत होतं. तीनदा आकडेमोड केली. तीनदा तेच आलं.

सुंदररावांनी समोर बघितलं. ओट्याच्या त्या टोकाला, बाईंच्या जागी, भिंतीवर डोकं टेकल्याचा तेलकट डाग अजून होता. चुना देताना त्यांनी तेवढी जागा सोडायला लावली होती.

"काय करू वं?" त्यांनी विचारलं. "टाकू का?"

डाव्या डोळ्यासाठी ते थोडं थांबले. मग गुळगुळीत अंगठ्याने एकेक दश्शी उचलली आणि टाकली. पोतं पडद्यात मावेना. दुर्रीची जोडी मांडली. आकडे पळत सुटले, पडद्यावर फुलबाज्या उडाल्या, आठवा दरवाजा उघडला. सुंदरराव ताडकन उठून "कोट!" म्हणून ओरडले. समोरच्या ओट्यावर मुंजाजी डुलकी घेत होते, ते दचकले आणि कूस बदलून पुन्हा झोपले.

सुंदररावांनी वही ओढली. 'चारी दश्श्या. टाकल्या.' कारणाचा रकाना पहिल्यांदाच कोरा राहिला.

रविवारपर्यंत दम धरवेना. त्यांनी लगेच ऋतुजाला फोन लावला. उचलला जावयाने, भारतने. ती भाजी आणायला गेली होती.

"तिला सांगा, तिच्या गेमातला भंगारवाला घेऊन..." सुंदररावांना धाप लागली होती. "ती कितव्या दरवाजात हाय सध्या?"

"ती?" भारत सरळ माणूस होता. "अण्णा, ती कुठे खेळते! पोळ्याच्या सुमारास काढून टाकला तिने फोनमधून. ऑफिसातून यायलाच आठ वाजतात. पण शनिवारी बसते बरं का, तुमचा गेम वाचत. नेटवर कुणी कुणी लिहिलेलं असतं त्याच्याबद्दल. काय विचारायचं ते लिहून ठेवते. हे काय, फ्रिजवरच लावलंय. 'अण्णांना विचारणे: सातव्यात अजून अडलेत का, दश्शी टाकली का, नवा जोकर कोणता.' काय निरोप देऊ?"

सुंदरराव फोन कानाला धरूनच पुन्हा ओट्यावर टेकले. भाजी आणून, कामं आवरून, ती एका म्हाताऱ्यासाठी प्रश्न गोळा करत बसत होती. सहा प्रश्न मिळाले की वीस मिनिटं. आणि त्यांनी शेवटचा दरवाजाच उघडून ठेवला होता. आता उद्या ती काय विचारणार? जेवलात का. गोळी घेतली का.

"निरोप न्हाई," ते म्हणाले. "मी फोन केलता हेबी सांगू नका जावईबापू. सहज लागला."

रविवारी दहाला फोन वाजला. ऋतुजाने या वेळी चेहरा दिसणारा फोन लावला होता. मागच्या रविवारी ती घाबरली होती ना. तिच्या हातात एक कागद होता, तो ती खाली धरत होती.

"काय अण्णा? उघडला का सातवा?"

"कुठलं माय," सुंदरराव म्हणाले. "सातव्यातच अडलोय. दश्शी टाकवत न्हाई."

आणि त्यांचा डावा डोळा आपोआप मिटला.

"डोळ्यात काय गेलं, अण्णा?"

"कचरा गेला आसंल."

"पाण्याने धुवा." तिने कागदाकडे नजर टाकली आणि तिचा चेहरा जरा मोकळा झाला. "बरं, मग मला सांगा, सातव्यात भंगारवाल्याने काय मागितलं?"

त्या रविवारी ते सव्वीस मिनिटं बोलले. फोन ठेवल्यावर सुंदररावांनी चहा घेतला, ओट्यावर येऊन बसले आणि पहिल्या दरवाजापासून नवा डाव लावला. आठ पानं आली. त्यांत बदामाची दश्शी होती. ती त्यांनी ठेवून घेतली.